आईचं कार्ड आणि एक जून

अण्णा मराठा लाईट इन्फन्ट्रीत हवालदार होते, ९९ ला रिटायर झाले. ते गेले तेव्हा बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचारांच्या स्कीमच्या, कार्डाचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आईचं स्वतःचं कार्ड होतंच की पर्समध्ये.

पुढे आईचा मोतीबिंदू पिकला म्हणून तिला इकडे ऐरोलीला आणलं, ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला पॉलीक्लिनिकमध्ये नेलं, तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, हे डिपेंडंटचं कार्ड आहे, साहेब गेलेत ना, मग आता आई प्रायमरी मेंबर, आधी कार्ड बदलून घ्या. कार्डाला फॅमिली पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) लागतो, आणि पीपीओ अडकलेला, कारण बेळगावच्या रेजिमेंटच्या रेकॉर्डमध्ये आईच्या नावापुढे 'बाई' आणि जन्मसाल वेगळं, आधारवर 'बाई' गायब आणि तारीख १ जून. शाळेत गुरुजींनी घातलेली १ जून, आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो!

मग काय, प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, अण्णांचं डिस्चार्ज बुक शोधायला साताऱ्याच्या घरी एक फेरी (ते सापडलं माळ्यावरच्या ट्रंकेत, गहू चाळायच्या चाळणीखाली). सात महिने गेले. तोवर आई एका डोळ्याने सिरीयल बघत होती.

लोक याला विमा म्हणतात पण दरवर्षी हप्ता वगैरे नसतो. २००३ ला सुरू झालेली स्कीम, वर्गणी एकदाच. आता रिटायर होणाऱ्या शिपाई ते हवालदारांना ३० हजार, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७ हजार, ऑफिसरांना १ लाख २० हजार, युद्धात शहीद झालेल्यांच्या पत्नींना आणि युद्धात अपंगत्व आलेल्यांना माफ. अण्णांनी भरलेली असल्याने आईला परत काही भरावं लागलं नाही. मुलगा २५ वर्षांपर्यंतच किंवा लग्न, नोकरी होईपर्यंत, पण कायमचं अपंगत्व असेल तर वयाची अट नाही, आणि हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं, मुलाचं नावच काढून टाकतात. इमर्जन्सीत स्कीमच्या पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं तर ४८ तासांत पॉलीक्लिनिकला कळवायचं, पैसे नंतर मिळतात पण सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) रेटने, म्हणजे बिलाएवढे मिळतील असं धरून चालू नका.

माझा खरा राग स्कीमवर नाहीच, आमच्यावर आहे. अण्णा हयात असताना त्यांच्या सहीचा एक अर्ज रेकॉर्ड ऑफिसला गेला असता तर हे सगळं वाचलं असतं. पण नवरा जिवंत असताना ही कागदं काढायची म्हणजे घरात अपशकुन.

आईचा डोळा झाला, कॅशलेस. परवा खालच्या मजल्यावरच्या सुभेदार काकांना हे सगळं सांगत होते, ते म्हणाले आमचं सगळं ओके आहे, रेकॉर्डला तुझ्या काकूची १२ मार्च लागलीय. म्हटलं आधार दाखवा. काकू आत गेल्या, आधार घेऊन आल्या. १ जून.