तुम्ही विचारलंत म्हणून: ७३१ खरं होतं का?

जपानी भाषेची दुभाषी आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच. "ते युनिट ७३१ खरंच होतं का हो, की चीनचा प्रचार?" आणि हो म्हटलं रे म्हटलं की लगेच पुढचं, "मग कोरोनाही मुद्दामच सोडला असणार, चंद्राचं पण नाटकच!" हे दुसरं काही प्रश्न म्हणून येत नाही, ते आधीच ठरलेलं असतं, माझ्या होकाराचा फक्त शिक्का हवा असतो.

तर हो, खरं होतं. ७३१ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जपानी सैन्याची तुकडी, कैद्यांवर रोगजंतूंचे प्रयोग करणारी. चीनमधलं हार्बिनजवळचं पिंगफांग, तुकडीचा प्रमुख शिरो इशी, प्लेगच्या पिसवा, गोठवलेले हात, हे सगळं तुम्ही व्हिडिओत बघितलेलं असतं, परत नाही सांगत.

चाकणला एका कंपनीच्या डिनरला होते, जपानहून आलेल्या पाहुण्यांसाठी दुभाषी म्हणून. दोन पेग झाल्यावर आमचे मॅनेजर म्हणाले, विचार ना या जपानी साहेबांना ७३१ बद्दल. मी टाळायला बघितलं, पाहुण्याला जेवताना असलं कोण विचारतं? पण मॅनेजर "७३१, ७३१" म्हणत बोटं दाखवायला लागले, मग विचारलं. साहेब साठीचे इंजिनियर होते. चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि म्हणाले, हो, झालं ते. शाळेत कुणी शिकवलं नाही, नंतर वाचलं. मग आपणहून सांगायला लागले की त्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना काहीच शिक्षा झाली नाही, अमेरिकेला त्यांच्या प्रयोगांची माहिती हवी होती म्हणून सोडलं, कुणी प्रोफेसर झाले, आणि त्यातलेच नाइतो र्‍योइची म्हणून होते त्यांनी १९५० मध्ये रक्तपेढी काढली, तीच पुढे मिदोरी जुजी कंपनी झाली. १९८० च्या दशकात हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) पेशंटना रक्तापासून बनवलेल्या औषधांतून एचआयव्ही झाला, त्या प्रकरणात तीच कंपनी. मी वाक्य वाक्य मराठीत सांगत होते. आणि मॅनेजरनी टेबलावर हात आपटला. "बघ! म्हणजे एड्स पण प्रयोगच!" चेहरा असा फुललेला जणू मुलाचा रिझल्ट लागलाय.

साहेबांनी मला हळूच विचारलं, हे इतके खूश का झाले?

मी सांगितलं, यांना इतिहासाची आवड आहे. दुसरं काय सांगणार होते? धोक्याच्या इशाऱ्यानंतरही तापवून विषाणू न मारलेली औषधं विकत राहणं, पैशासाठी, हे पुरेसं भयंकर नाहीये का, त्याला गुप्त प्रयोग कशाला लागतो? पण हे मराठीत सुद्धा म्हणाले नाही. नोकरी होती.

मी पूर्वी फार ठामपणे सांगायचे की पुरावा बघा, संशयावर जाऊ नका. आता तितक्या जोरात सांगवत नाही. कारण १९४९ मध्ये सोविएतनी त्यांच्या खाबारोव्स्क शहरात याच प्रकरणावरून बारा जपान्यांवर खटला चालवला, तेव्हा अमेरिकेने तो प्रचार म्हणून उडवून लावला, आणि शहाणी माणसं पण तेच म्हणत राहिली. म्हणजे तीसेक वर्षं संशय घेणारा बरोबर आणि "पुरावा कुठाय" म्हणणारी माझ्यासारखी चूक! पण मग जॉन पॉवेल घ्या. शांघायमधला अमेरिकन पत्रकार, कोरियन युद्धात अमेरिकेने जंतू वापरले असं त्याने छापलं, त्यावरून राजद्रोहाचे आरोप झाले, १९६१ मध्ये ते मागे घेतले. त्याच माणसाने १९८१ मध्ये सरकारी कागद काढून अमेरिकेने इशीला दिलेली माफी जगासमोर मांडली. आणि कोरियाचं? १९९८ मध्ये सोविएत कागद बाहेर आले, त्यात ते रचलेलं होतं असं दिसतं, त्यावरही अजून भांडण आहेच. एकच माणूस, एकदा पक्का, एकदा बहुतेक फसलेला. मग तुमच्या "सरकार लपवतं म्हणजे सगळंच खरं" याचं काय करू मी?

टोकियोच्या कोर्टाने २००२ मध्ये ७३१ ने चीनमध्ये जंतू वापरले असं मान्य केलं, चिनी पीडितांना भरपाई मात्र नाकारली. तुमच्यापैकी एकानेही मला त्या भरपाईबद्दल विचारलेलं नाही.

आणि तो फोटो पाठवणं बंद करा प्लीज, पांढरे कोट आणि टेबलावर प्रेतवाला. तो १९२८ चा आहे, जिनानचा, ७३१ चा नाहीच. असला एक फोटो खोटा निघाला की नाकारणाऱ्यांना बाकी सगळं खोटं म्हणायला रान मोकळं होतं, आणि मग ते पण मलाच फोन करतात.