पुढच्या शॉकच्या स्प्रिंगा बदलल्या, त्याची गोष्ट

चोर्ला घाटातून गोव्याकडे खाली उतरताना केरीच्या अलीकडच्या वळणांवर माझ्या बाईकचं पुढचं चाक प्रत्येक ब्रेकला नाक खुपसायचं आणि त्यातच एखादा खड्डा आला की खट्ट करून हँडलपर्यंत आवाज यायचा, बेळगावला सासरी जायचं म्हणजे हाच रस्ता, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी हे ठरलेलं. मेकॅनिक म्हणाला वॉशर घालून स्प्रिंग थोडी दाबतो, कडक होईल. केलं तसं. बाईक पुढून उंच झाली, छोट्या खड्ड्यांवर आधीपेक्षा जास्त हादरायला लागली आणि घाटात ती खट्ट तशीच.

इथेच बहुतेक जणांचा घोळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्प्रिंग आधीच दाबून ठेवली, म्हणजे प्रीलोड वाढवला, तर स्प्रिंग कडक होत नाही. ०.७ किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग दर मिलिमीटरला ०.७ किलोच मागणार, वॉशर दोन घाला नाहीतर दहा घाला. बाईक फक्त वर उभी राहते. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलायची.

पण किती कडक? डिचोलीच्या मित्राचं म्हणणं एकच, सगळ्यात कडक असेल ती टाक रे, आपले रस्ते बघ. मला ते पटलं नाही. आधी सॅग मोजली, म्हणजे गाडी आणि आपलं वजन मिळून फोर्क (पुढच्या शॉकची जोडी) किती बसतो ते. रविवारी सकाळी अंगणात, हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून (तसा मी ८८ किलो), बायको हातात टेप घेऊन खाली बसलेली आणि भावानं मागून गाडी सरळ धरलेली. आधी चाक हवेत असताना माप, मग मी बसल्यावर. ऑइल अडवणारी रबरी सील फोर्कला धरून ठेवतात म्हणून एकदा हँडल खाली दाबून हळूच सोडायचं, एकदा वर उचलून हळूच सोडायचं आणि दोन्हींची सरासरी. वॉशर काढून माझं आलं ५५ आणि ४९, म्हणजे ५२. ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क एकूण दबू शकतो ते अंतर, १२० मिलिमीटर, रस्त्यावरच्या गाडीला त्याचा साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडी कमी सॅग बरी, म्हणजे ३५ ते ४०. आणि फोर्क जास्तीत जास्त किती दबला ते कळायला त्याच्या नळीला बांधलेला झिप टाय घाटातून आल्यावर ट्रॅव्हलच्या पार शेवटाला गेलेला, म्हणजे फोर्क तळाला आपटत होता.

मग जुनी स्प्रिंग काढून मित्राच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल स्टँडखाली वजनकाट्यावर उभी केली. १० मिलिमीटर दाबली, काटा ७ वर. ५० दाबली, ३५. म्हणजे ०.७, आणि सरळ लिनिअर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच कडक. गाडीत ती मुळात २८ मिलिमीटर दाबलेली होती, अधिक सॅगचे ५२ म्हणजे ८०, दोन स्प्रिंगा म्हणजे १.४, गुणिले ८०, एकूण ११२ किलो फोर्कवर. आता ०.९ ची जोडी घेतली तर ११२ भागिले १.८ म्हणजे ६२, त्यातले २५ प्रीलोडला दिले की सॅग ३७. बसलं की गणित! तळाला पोचायला आधी २०७ किलो पुरायचे, आता २६१ लागतात, खरा फरक हा.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगाही बघितल्या, सुरुवातीला मऊ आणि पुढे कडक होत जाणाऱ्या. हायपरप्रोसारख्या कंपन्या त्याच बनवतात आणि पुष्कळांना त्या आवडतात. मला ब्रेक लावल्यावर गाडी नेमकी किती बसणार हे कळायला हवं होतं, म्हणून लिनिअर घेतल्या.

बसवताना एक गोष्ट सांभाळा, फोर्कची टोपी शेवटच्या आट्यांवर आली की स्प्रिंग ती उडवते, वरून तळहाताचा भार देऊनच सोडा, आणि चाक हवेत हवं. जुनं ऑइल निघालं ते काळपट राखाडी, आमच्या लाल मातीच्या चिखलासारखं नाही, तर पातळ शिसं वितळल्यासारखं. नवीन ऑइल १०डब्ल्यूच (हा ऑइलच्या जाडपणाचा नंबर) भरलं. लेव्हल मात्र मिलिमीटरमध्ये मोजली, स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण खाली दाबलेला आणि दोन्ही पायांत एकसारखी. वरची हवा पण स्प्रिंगसारखंच काम करते, ऑइल जास्त झालं की शेवटचा भाग फार कडक होतो. नवीन स्प्रिंग जुन्यापेक्षा आखूड होती म्हणून पीव्हीसीचा पाइप कापून स्पेसर केला, दोन्ही टोकं काटकोनात घासून घेतली, वर स्टीलचा वॉशर.

सॅग आली ३८. गेल्या शनिवारी बायकोला मागे घेऊन बेळगावहून आलो, घाटात भर पाऊस, झिप टाय थांबला ९८ वर. आणि ब्रेक धरून वळणात शिरताना पुढचं चाक काय करतंय ते आता हातात कळतं, हे मला सगळ्यात जास्त आवडलंय. एकच राहिलंय, स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर पुढचा भाग जरा झटकन वर येतो, स्प्रिंग कडक झाली तर तिला परत येताना आवरायला डॅम्पिंगही थोडं जास्त लागतं. चवथीच्या आधी त्याच कंपनीचं १५डब्ल्यू भरून बघणार आहे, त्याच कंपनीचं एवढ्यासाठी की एकाचं १०डब्ल्यू दुसऱ्याच्या १५ इतकं जाड असू शकतं, ४० डिग्रीचा सेंटिस्टोक्सचा (जाडपणाच्या मापाचा) आकडा डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्या.