मला सुतक नाही

आज महालक्ष्म्यांचं जेवण. समोरच्या काकू सकाळीच गेटपाशी आल्या, काखेत केळीच्या पानांचा भारा. म्हणाल्या, "दुपारी या बाप्पा जेवायला. तुम्हाला काय, तुम्हाला थोडंच सुतक आहे!"

त्या काही वाईट बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून ते डोक्यातून जाऊन नाही राहिलं. कुकर लावला, कपडे वाळत घातले, मधेच तेच. थोडंच सुतक आहे.

नाहीच. शेजारच्या माई गेल्या, पण शास्त्राप्रमाणे मी त्यांची कोणी नाही, भिंतीपलीकडची. न्यू जर्सीतल्या त्या पुतणनातवाला मात्र आहे, पूर्ण दहा दिवसांचं. व्हिडिओ कॉलवर माई त्याला दर वेळी विचारायच्या, "तू कोणाचा रे?" वहिनी, म्हणजे माईंची सून, कौतुकाने सांगत होत्या, तो तिकडे दाढी करत नाही म्हणून. चांगलंच आहे. पण मला त्या पोराच्या दाढीचा राग येतो. कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिलं.

पलीकडे यंदा गणपती बसला नाही, महालक्ष्म्यांचे मुखवटे पेटीतून निघाले नाहीत. नाहीतर आज या वेळेला मी त्यांच्याच ओट्यावर पुरण वाटत असते. सोळा भाज्या बडकस चौकातून आणायच्या, पण चिरलेला वाटा आणलेला माईंना चालायचा नाही. "त्यात पंधराच असतात," म्हणायच्या. मग एकेक मोजून घ्यायच्या, भोपळ्याचं फूल धरायचं की नाही यावर दर वर्षी भांडण. आंबिलीची ज्वारी त्यांनी भिजवायची, महालक्ष्म्यांवर टांगायच्या फुलोऱ्याच्या करंज्या वहिनींनी, आणि त्यातली पिठाची तळलेली वेणी-फणी माझी. माझी वेणी तळताना कधी उसवली नाही. माई ती चिमट्यात धरून उजेडात बघायच्या आणि काही न बोलता फुलोऱ्याच्या मधोमध बांधायच्या. वहिनींसमोर. वहिनींना काय वाटत असेल ते... जाऊ दे.

आणि गेल्या नेमक्या मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बाईचे मोठाले पुतळे मिरवत नेऊन जाळतात तेव्हा. पहाटे गेल्या, आणि निघायची तयारी होईपर्यंत आमच्या महाल भागातले रस्ते माणसांनी भरून गेले. वैकुंठरथवाला फोनवर सांगत होता, "गांधी गेटाकडून येता येत नाही, गर्दी हटू द्या." अण्णा बाहेर उभे, हातात मडकं, तोंडावर काहीच नाही. घरातल्या छोट्या चिकूचा, पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी सजवलेला लाकडी नंदी ओसरीवर तसाच. बाहेर ढोल, पिपाण्या, आणि पोट्टे गळा फाडून ओरडताहेत, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मला त्या क्षणी वाटलं, माईंनाच घेऊन चालले की काय हे.

एरवी त्या खिडकीतून उठायच्या नाहीत त्या दिवशी. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, हे आम्हाला दर वर्षी ऐकावं लागायचं. काळी थोरली, पिवळी धाकटी, सुनांसारखा हिशोब. काळी म्हणजे भोसल्यांची बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून तिची मारबत, असं कोणी सांगायला लागलं की भडकायच्या. "राज्य घालवलं सगळ्यांनी मिळून, आणि जाळायला बाई!" वर बडगे, म्हणजे सोबतचे पुरुषांचे पुतळे, मोजायच्या. "पाहा, तरी बडग्यांना हिच्याएवढं कोणी विचारत नाही."

ते आठवलं आणि एकदम हसू आलं. गंगाबाई घाटावर पोहोचायला दुपार झाली. पुढचं लिहित नाही.

तर सुतक. दुपारी आरशासमोर टिकली लावताना लक्षात आलं, ताईंचं तर तिसऱ्या दिवशीच फिटलं. लग्न झालेली लेक ना. जिने आठ महिने माईंचं अंथरूण धुतलं, तिला तीन दिवस. दाढीवाल्याला दहा. पोटच्या पोरीची ही गत, तर शेजारणीने कोणत्या तोंडाने भांडायचं? माझं गाऱ्हाणं तिथेच अर्धं झालं. उरलेलं अर्धं माईंनी संपवलं असतं. त्या काय म्हणाल्या असत्या ते मला पाठ आहे: "नाही ना तुला सुतक? मग जा की! पुरणपोळी काहून सोडतेस?"

गेले. जेवले. पुरण छान होतं. कढीत मेथीदाणा करपलेला. आंबील पातळ. हे मी कोणाला बोलले नाही, पण वाढणारीकडे बघून "माईंच्या आंबिलीत चमचा उभा राहायचा" एवढं तोंडातून गेलंच. पंगत गप्प झाली. मग समोरच्या काकूच डोळे पुसत म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगत जा आम्हाला." मी? मला तर अजून त्यांच्या हिंगाचं प्रमाण ठाऊक नाही. दर वेळी सांगायच्या, दर वेळी वेगळं.

आत्ता रात्री वहिनींचा मेसेज आला. दहाव्याला पिंडापाशी माईंच्या आवडीचं ठेवायचं, काय ठेवू? अण्णा म्हणतात पुरणपोळी, ताई म्हणतात वडाभात.

मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग लिहिलं: तर्री पोहे. चौकातल्या टपरीचे. ऑफिसला जाताना डबा माझ्याकडे द्यायच्या आणि येताना भरून आण म्हणायच्या, शेव वेगळ्या पुडीत.

पलीकडून लगेच फोन. "तर्री? अहो, माईंना तर डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं!"

"हो, म्हणून तर माझ्याकडे डबा."

वहिनी आधी गप्प, मग इतक्या हसल्या की मागून अण्णांचा आवाज आला, काय झालं काय झालं. मग त्या नीट विचारायला लागल्या. कोणती टपरी, डावीकडची की मंदिराजवळची. मी सांगितलं, डावीकडची, आणि अण्णांना नऊच्या आत पाठवा. त्यानंतर तो तर्रीत पाणी घालतो, चणे खाली बसतात.