तिकोनी निघालेली गोल पिन

12 मिलिमीटरच्या पिनांचा आख्खा लॉट सकाळीच परत आला. चलनावर शेरा: बुशमध्ये जात नाही. क्वालिटीला मी, त्यामुळे पहिली हाक मलाच. मायक्रोमीटर घेऊन एक पिन फिरवत फिरवत आठ ठिकाणी मोजली. सगळीकडे 11.996. बुशचं (पिन जिच्यात बसते त्या नळीचं) भोक 12.002, म्हणजे पिन सहज जायला हवी. गिऱ्हाइकाच्या बुशवर खापर फोडायची माझी तयारी झाली होती.

ग्राइंडिंगचे काका काही बोलले नाहीत. पिन व्ही-ब्लॉकच्या व्हीसारख्या खाचेत ठेवली, वर डायल लावला आणि बोटाने हळूच फिरवली. एका फेऱ्यात काटा तीनदा चढला, तीनदा उतरला. 18 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 18 हजारांश.

"साहेब, ही गोल नाही. तिकोनी आहे."

सेंटरलेस ग्राइंडिंगची, म्हणजे पिन सेंटरवर न पकडता दोन व्हीलच्या मध्ये ब्लेडवर टेकवून घासण्याची, ही जुनी खोड. जिथे उंचवटा, त्याच्या बरोबर समोर खोलगट. मग समोरासमोरचं माप चुकणार कसं? ब्रिटनचं 50 पेन्सचं नाणं सात बाजूंचं, पण कुठूनही मोजा, रुंदी तेवढीच. हे ठाऊक असूनही मी फसलो, याचाच जास्त राग आला.

राउंडनेस टेस्टरवर दोष 9 मायक्रॉन निघाला (90 अंशांच्या व्ही-ब्लॉकमध्ये तीन उंचवटे दुप्पट दिसतात). स्क्रीनवर फुगवून दाखवलेली तीन टोकांची रेघ आणि तिच्याभोवती घट्ट बसणारं एक स्वच्छ वर्तुळ. आमच्या ट्रेनी मुलीने विचारलं, "सर, हे वर्तुळ पिनवर कुठंय?"

कुठेच नाही. मशीनने हिशोब करून काढलेलं ते.

"मग नसलेल्या वर्तुळामुळे माल परत आला?"

मी हसण्यावारी नेलं, पण डबा खाताना तेच डोक्यात. त्या वर्तुळाचा व्यास 12.005. पिनवर कुठेही मायक्रोमीटर लावा, 12.005 सापडणार नाही. बुशला मात्र ते बरोबर सापडलं. ते फक्त कागदावरचं आहे असं मला तरी म्हणवेना. आणि पिनवर आहे असंही नाही.

तिकोनी होण्याचं कारण मशीनवर सापडलं: पिनचा मध्य दोन्ही व्हीलच्या मध्यांच्या लेव्हलला आला होता. काकांनी ब्लेडखाली शिम (पातळ पत्री) घालून तो उचलला. संध्याकाळच्या पहिल्या पिनला राउंडनेसचा दोष 1.2 मायक्रॉन. मी लगेच ओके केली. ट्रेनी अजून स्क्रीनकडेच बघत होती.

"शून्य कधी येतं, सर?"

"पुढची लाव," काका म्हणाले.