भिंतीवर 24, गठ्ठ्यात 16

"ताई, चित्रावर सही नाही करत का तुम्ही?"

फ्रेमवाल्याने असं विचारलं तेव्हा आधी रागच आला. केलीय की! उजव्या कोपऱ्यात, खाली, नेहमीसारखी. त्याने फ्रेम उजेडात धरली. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेवरून माझ्या आडनावाची नुसती शिरोरेषा डोकावत होती. माउंटची खिडकी चित्रापेक्षा चारी बाजूंनी पाव इंचभर लहान कापतात, नाहीतर चित्र आतून निसटतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, जीडी आर्टची पदविका करताना स्वतःच्या हाताने माउंट कापलेत. पण मधली कितीतरी वर्षं चित्रं काढायची आणि कपाटात सारायची एवढंच चाललं, त्यात सही कागदाच्या अगदी टोकाशी करायची सवय कधी लागली ते कळलंच नाही. 9 फ्रेमा उघडून घेतल्या. दुकानातल्याच स्टुलावर बसून अर्धा इंच वर पुन्हा सह्या केल्या. जुन्या सह्या माउंटखाली आहेत तशाच आहेत.

हे माझं पहिलं एकल प्रदर्शन. वय 47. शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी सोडून तीन वर्षं झालेली. नोव्हेंबरमधले शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस गंगापूर रोडच्या बाजूला एक दालन मिळालं, आणि त्याच्या पुढच्याच शनिवारपासून घरी जलरंगांचे क्लास सुरू करते असं मी जाहीर करून बसले. "दोन्ही एकदम काढलंस, आता बोंबल," असं नवरा म्हणाला. पण मीही हिशेब केला होता. प्रदर्शनाला येणारे लोक हेच क्लासचे विद्यार्थी, आणि फ्रेमांचा खर्च क्लासच्या फीमधून भरून काढायचा.

विषय एकच, गंगा. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, "गंगेवर जाऊन येते" म्हटलं की कुणी काशी समजत नाही. नाशकात गोदाघाट जलरंगात करायचा म्हणजे धाडसच, कारण शिवाजी तुपे यांची चित्रं बघत इथल्या दोन पिढ्या वाढल्या आहेत. तुमचं चित्र बघून लोक मनात लगेच तुलना करतात, तोंडाने बोलत नाहीत इतकंच. मी बुधवार धरला. बुधवारी घाटावर बाजार भरतो, आणि ताडपत्र्यांच्या निळ्या-पिवळ्या सावल्यांत तो काळा दगड एकदम वेगळाच दिसतो. दगड काळा असला तरी काळ्या रंगाने रंगवायचा नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, दोन्ही मिळून. कोरड्या पायरीला सिएना जरा जास्त, ओल्या पायरीला निळा जास्त. आणि पाणी जिथे नुकतंच ओसरलंय तिथे दोन्ही रंग कागदावरच एकमेकांत सोडायचे, पॅलेटवर मिसळायचे नाहीत. दोन पावसाळे याच्यामागे गेले. आता 2027 च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. पुढच्या वर्षी घाटाचा कुठला कोपरा ओळखू येईल कोण जाणे, म्हणूनही घाई होती.

सप्टेंबरमध्ये सगळी चित्रं बाहेर काढली तेव्हा 40 भरली. त्यातल्या तिघांच्या आभाळात तपकिरी ठिपके. बुरशी! लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं, भिंतीला ओल, आणि चित्रं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली. म्हणजे जपण्याच्या नादात मीच ती कोंडून मारली. एकात मी लबाडी केली, ठिपक्यांना पंख काढून कबुतरं केली. पण ओल धरलेला कागद टिपकागदासारखा रंग पितो, कडा राहातच नाही, त्यामुळे कबुतरं कसली, शाईचे डाग वाटायला लागले.

निवडीसाठी माझ्या कॉलेजातल्या सरांना घरी बोलावलं. सर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी हॉलमधलं फर्निचर हलवायला लावलं, चाळीसच्या चाळीस चित्रं जमिनीवर मांडायला लावली आणि काठी घेऊन मधून फिरायला लागले. नापसंत चित्र ते काठीने दाखवायचे, मी पालथं घालायचं. कारण सांगणं नाही. कबुतरांपाशी मात्र थांबले. "गंगेवर एवढी कबुतरं कधीपासून?"

17 पालथी, 23 सुलटी. मला रडायला यायचं बाकी होतं. पालथ्यांत नारोशंकराच्या देवळाचं एक चित्र होतं, भर दुपारचं, ज्यासाठी मी चार दिवस उन्हात डोकं तापवून घेतलं होतं. सर चहा पिऊन गेल्यावर ते मी गुपचूप उचललं. 24. उरलेली 16 गठ्ठा बांधून पलंगाखाली.

फ्रेमांची ऑर्डर मी दिवाळीच्या आठ दिवस आधी दिली. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. दिवाळीआधी कामाची गर्दी असते एवढं डोक्यात होतं, पण माझ्या फ्रेमवाल्याचे दोन्ही कारागीर उत्तर प्रदेशातले, ते छठपूजेला गावी जातात आणि छठ येते दिवाळीनंतर सहा दिवसांनी. म्हणजे माझ्या कामाचे ऐन दिवस दुकानात एकटा मालक! शेवटी पट्टी तो कापायचा आणि काचा पुसून मागचा टेप लावायला मी आणि माझी मुलगी बसायचो. पाऊण इंची साधी काळी पट्टी, तीन इंच पांढरा माउंट, दोन मिलिमीटर काच. सोनेरी नक्षीची पट्टी तो आग्रहाने दाखवत होता, "लोकांना भारी वाटतं" म्हणून. वाटत असेल. माझ्या चिखलाच्या पायऱ्यांना सोनं कशाला? एका फ्रेमला 1,150 रुपये पडले, 24 चे 27,600. जेवढ्यात नवीन फ्रिज येतो तेवढ्यात, असं घरात ऐकवलं गेलं.

किमती ठरवताना तर मी पार गोंधळले. मी 4,000 म्हणत होते. नणंद म्हणाली, "वहिनी, त्यातले हजारावर फ्रेमचेच गेले, मग तुमच्या हाताला काय?" तिने फोनवर कॅल्क्युलेटर उघडून कागद, रंग, हॉलचं भाडं सगळं धरलं आणि 7,500 वर आणलं. सगळी चित्रं एकाच मापाची, 15 बाय 22 इंच, त्यामुळे सगळ्यांना एकच भाव. आवडत्या चित्राला जास्त लावायचा मोह झाला होता, पण मग बाकीची मला कमी आवडतात असं जाहीर केल्यासारखं झालं असतं.

टांगण्याचं काम गुरुवारी संध्याकाळी. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर धरला, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला येतो. वरच्या कडा जुळवायच्या भानगडीत पडलो नाही, दालनाची फरशीच एका कोपऱ्यात उतरती होती. रात्री दहाला लक्षात आलं की विकलेल्या चित्रांवर लावायचे लाल ठिपके आणलेच नाहीत. मुलीने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून दिलं. मध्यम आकाराच्या, मखमली. तीन दिवसांत 7 टिकल्या लागल्या.

प्रदर्शनात लोक चित्रकलेबद्दल फारच कमी बोलतात, जागेबद्दल बोलतात. "ही आमच्या मावशीची गल्ली." "इथे उसाचा रस मिळायचा." सगळ्यात जास्त गर्दी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे गंगेच्या पात्रातल्या उंच मूर्तीच्या, चित्रापुढे. नाशकात पूर क्युसेकमध्ये नंतर मोजतात, आधी दुतोंड्याच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतात. माझ्या चित्रात पाणी कमरेला आहे. एक गृहस्थ म्हणाले 2008 चा पूर, दुसऱ्यांनी 2016 सांगितलं, तिसऱ्या बाई ठामपणे 2019. मी मागच्या पावसाळ्यातल्या एका साध्या मंगळवारी काढलेलं. पण इतकी मंडळी रंगात आलेली, मी गप्प बसले.

सर शनिवारी आले. नारोशंकरापुढे बराच वेळ उभे राहिले. माझ्या पोटात गोळा. मग वळून म्हणाले, "इथे चहाची काय सोय आहे?" ते चित्र विकलं गेलं नाही, आता आमच्या जिन्यात आहे.

वहीत क्लासची 11 नावं आली होती. पालकांचा पहिला प्रश्न एकच, सरकारी चित्रकला परीक्षेचा, "इंटरमिजिएटची तयारी होईल ना? ए ग्रेडला दहावीत सात मार्क असतात." होईल, म्हटलं. त्यात खोटं काही नाही. स्थिरचित्र आणि स्मरणचित्र मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलंय. पण क्लास जलरंगाचा आहे हे सांगितल्यावर 3 नावं गळाली. 8 राहिली, पाच मुलं आणि तीन मोठी माणसं, त्यातले एक बँकेतून निवृत्त झालेले काका.

अडचण कागदाची होती. 300 जीएसएमचा जाड सुती कागद नवशिक्यांच्या हातात द्यायला जीव होत नाही, आणि साध्या ड्रॉइंगच्या कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, शिकवणं म्हणजे गादीवर पोहायला शिकवणं. आदल्या रात्री पलंगाखालचा गठ्ठा ओढला. बुरशीची दोन टाकून दिली (तिसरं सरांच्या नजरेतून सुटून विकलंही गेलं, ठिपके बाजूच्या झाडात मुरवले होते). 14 राहिली. मोठी पट्टी आणि कटर घेतलं. पहिलं चित्र कापताना हात जड झाला, चौथ्यापासून सरावला. एकाचे चार, एकूण 56 तुकडे, सगळ्यांची मागची बाजू कोरी करकरीत.

शनिवारी सकाळी सपाट वॉश घ्यायला लावला. बोर्ड थोडा तिरका, ब्रश भरून घ्यायचा, थेंब खाली ओढत न्यायचा, मध्ये थांबायचं नाही. पंधरा मिनिटांत एका मुलीने कागद उलटा केला.

"मॅडम, मागे कुणाचं तरी चित्र आहे!"

मग कुणी जागेवर बसेना. पोरांनी फरशीवर तुकडे जुळवायला घेतले. रामकुंडाच्या पायऱ्या, अर्धी ताडपत्री, अहिल्याबाई होळकर पुलाची एक कमान. तीन तुकडे लागले. चौथा काकांच्या बोर्डावर होता, आणि काका तो द्यायला तयार नव्हते. त्यांचा वॉश अजून ओला होता.