हडसनच्या अलीकडचा जन्म, पलीकडचा जन्म

न्यू जर्सीतील एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात मी जनुकीय समुपदेशक म्हणून काम करते; आजार घराण्यातून आलेला असू शकतो का, हे पाहून रुग्णांना सल्ला देते. माझ्या कामाची सुरुवात वंशवृक्ष काढण्यापासून होते: पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. दत्तक गेलेल्या व्यक्तीच्या चिन्हाला कंस घालतात आणि वाढवणाऱ्या आईवडिलांशी तिला तुटक रेषेने जोडतात, कारण अखंड रेषा रक्ताच्या नात्यासाठी राखलेली असते. वैद्यकीयदृष्ट्या हे रास्तच आहे. तरीही समोर बसलेल्या माणसाच्या देखत ती तुटक रेषा काढताना हात अवघडतो.

२०१८ च्या वसंतातील एका मंगळवारी ती मला दोनदा काढावी लागली. सकाळी आलेले गृहस्थ १९६२ साली न्यू जर्सीतल्याच जर्सी सिटीत जन्मले होते, तर दुपारी आलेल्या बाई १९६५ साली हडसन नदीपलीकडे, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रुकलिनमध्ये. दोघेही तान्हेपणीच, आपापल्या जन्मराज्यात दत्तक गेलेले.

गृहस्थांनी मूळ जन्मदाखल्याची प्रत सोबत आणली होती. दत्तकविधान झाले की अमेरिकेत दत्तक आईवडिलांच्या नावांचा नवा दाखला तयार होतो आणि बहुतेक राज्यांत मूळ दाखला मोहोरबंद केला जातो; न्यू जर्सीने २०१४ साली केलेल्या कायद्यामुळे तो १ जानेवारी २०१७ पासून सज्ञान दत्तकांना मिळू लागला. ज्या जन्मदात्यांना आपले नाव गाळून हवे होते, त्यांना २०१६ अखेरपर्यंतची मुदत होती. या गृहस्थांच्या आईने तसे काही कळवले नव्हते. दाखल्यावरील नावावरून त्यांनी एक मामेभाऊ शोधून काढला होता, आणि आईला व मामाला पन्नाशीच्या आतच आतड्याचा कर्करोग झाल्याचे त्याच्याकडून कळले होते. माझा कागद तासाभरात भरला.

बाईंचा कागद कोरा राहिला. त्यांना ४९व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता आणि तपासणीत बीआरसीए२ या, घातक बदल झाल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या जनुकात एक बदल आढळला होता, ज्याच्यापुढे प्रयोगशाळेने ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मारला होता. असा बदल घातक की निरुपद्रवी हे ठरवताना, आजारी पडलेल्या रक्ताच्या नातेवाइकांतही तो आहे का, हे पाहणे उपयोगी पडते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत माझ्या खापरपणजोबांपर्यंतची नावे आहेत आणि ती मी आजवर एकदाही गरज म्हणून पाहिलेली नाहीत. या बाईंना मात्र एका पिढीमागचे एक नाव हवे होते.

न्यूयॉर्कमध्ये ही कागदपत्रे १९३० च्या दशकापासून बंद होती आणि सबळ कारण दाखवल्यावाचून न्यायालय ती उघडत नसे. गंभीर आजारासाठी ही माहिती आवश्यक असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र हा अशा कारणाचा सकृद्दर्शनी पुरावा मानला जाईल, असे त्या कायद्याचे कलम सांगते. ते वाचून मी त्याच संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडून प्रमाणपत्र लिहून घेतले आणि काम फत्ते झाल्याच्या समाधानात घरी गेले. आठवड्याभराने बाईंच्या वकिलांचा फोन आला. डॉक्टर न्यूयॉर्क राज्याचा परवानाधारक असला पाहिजे, असे त्याच वाक्यात लिहिले होते आणि आमच्या डॉक्टरांचा परवाना न्यू जर्सीचा होता. चूक माझी होती. ते वाक्य मी वाचले होते, पण आपल्याला हवे तेवढेच.

न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत आजार उलटला आणि अर्ज तसाच राहिला. २०१९ च्या उन्हाळ्यात बाई गेल्या. एकेकाळी त्या जन्मदात्या आईला गुप्ततेची हमी दिली गेली होती, असा युक्तिवाद या बंदीच्या बाजूने केला जातो. लोकलज्जेच्या त्या काळात मुली कोणत्या अवस्थेत मूल देऊन परतल्या असतील, याची मला कल्पना आहे आणि तो युक्तिवाद मी हलका मानत नाही. परंतु कॅन्सस आणि अलास्का या राज्यांनी सज्ञान दत्तकांसाठी हे दाखले कधीच बंद केले नव्हते. तेव्हा ही हमी आईच्या गरजेपेक्षा राज्याच्या सीमेवर अधिक अवलंबून होती, असेच मला वाटते.

१५ जानेवारी २०२० रोजी न्यूयॉर्कचा कायदा बदलला. अठरा वर्षांवरील दत्तकाला मूळ दाखला, एकही नाव न गाळता, मागता येऊ लागला आणि दत्तक हयात नसल्यास त्याच्या थेट वंशजालाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बाईंची मुलगी माझ्यासमोर तो दाखला घेऊन बसली होती. त्यावर बाईंच्या जन्मदात्या आईचे नाव होते, तिचे वय १९ होते, वडिलांचा रकाना रिकामा होता. आजारांचा उल्लेख जन्मदाखल्यात नसतोच.

तिला मी बोलावले होते ते वेगळ्याच कारणासाठी. प्रयोगशाळेने त्या बदलाचा नव्याने अभ्यास करून तो निरुपद्रवी ठरवला होता. तिने आधी तो अहवाल नीट वाचला, दोन प्रश्न विचारले आणि मग दाखला माझ्याकडे सरकवत म्हणाली, “म्हणजे आता तुम्हाला याची गरज नाही. पण आईचा अर्ज अर्धवट राहिला होता, म्हणून मी पुरा केला. हे नाव तिच्या फाइलमध्ये लागेल का?”

मी जुनी फाइल उघडली, कंसातल्या वर्तुळाच्या वर एक अखंड रेषा ओढली आणि तिने एकेक अक्षर सांगितले तसे ते नाव लिहून घेतले.