फिलाडेल्फियाचा बबलगम आणि रॉय कॅम्पानेला

माझ्या टेबलावर एक छोटे कार्ड आहे. रुंदी दोन इंचांहून किंचित जास्त, उंची अडीच इंच. एक घडी वरच्या कोपऱ्यातून निघून चित्रातल्या माणसाच्या टोपीपर्यंत आलेली आहे, चारही कोपरे गोलसर झाले आहेत आणि मागच्या बाजूला कोणा मुलाने पेन्सिलीने ओढलेली एक रेघ आजही दिसते. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचा कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) रॉय कॅम्पानेला याचे हे १९४९ सालचे, ८४ क्रमांकाचे कार्ड फिलाडेल्फियाच्या बोमन कंपनीने बबलगमबरोबर विकले होते. कॅम्पानेलाचा जन्मही फिलाडेल्फियाचाच, १९२१ सालचा. मी गेली अनेक वर्षे या शहराच्या उपनगरात राहते आणि ज्या मोजक्या गोष्टींमुळे हे शहर मला आपले वाटू लागले, त्यांत या कार्डाचा वाटा मोठा आहे.

पुण्यात शाळेत असताना बबलगमच्या वेष्टनातून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रे मी जमवत असे आणि मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल चाले. इथे आल्यावर शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या लहानपणच्या कार्डांचा डबा उघडून दाखवला, तेव्हा तोच खेळ दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या काळात मला ओळखू आला. बेसबॉल मी त्यानंतर शिकले; कार्डे आधी आली.

बोमनची मूळ कंपनी १९३९ ते १९४१ अशी तीन वर्षे ‘प्ले बॉल’ नावाने खेळाडूंची कार्डे काढत होती. महायुद्ध आले आणि हा व्यवसाय थांबला. १९४८ साली बोमनने पुन्हा सुरुवात केली ती अवघ्या ४८ कृष्णधवल कार्डांच्या संचाने. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावर पाऊल ठेवून मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतली वर्णभेदाची भिंत मोडली होती, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला होता. तरीही १९४८ च्या या संचात रॉबिन्सन नाही. त्याच्यानंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी क्लीव्हलँडकडून उतरलेला दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू लॅरी डोबीही नाही. पुढच्या वर्षी मात्र संच २४० कार्डांचा झाला आणि त्यात रॉबिन्सन (५०), कॅम्पानेला (८४), सॅचेल पेज (२२४) आणि डोबी (२३३) हे सारे आले. त्याच वर्षी रॉबिन्सनने ०.३४२ च्या सरासरीने (दर हजार प्रयत्नांत ३४२ यशस्वी फटके) नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकात, फलंदाजीतले पहिले स्थान पटकावले आणि लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू हा किताबही जिंकला. म्हणून माझ्या संग्रहाची सुरुवात मी १९४९ पासून मानते.

या शहरात राहून हा संच जमवताना एक गोष्ट मला फार बोचते. १९४७ साली फिलाडेल्फिया फिलीज संघाचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू यांनी रॉबिन्सनला मैदानात इतक्या हीन शिव्या दिल्या, की त्याची नोंद इतिहासात कायम राहिली. पुढे १९५० साली फिलीजने नॅशनल लीग जिंकली, पण संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पहिला आला तो थेट १९५७ साली, नॅशनल लीगमधल्या बाकी सर्व संघांनंतर. म्हणजे ज्या शहराच्या कारखान्यातून कॅम्पानेलाचे कार्ड देशभरच्या मुलांच्या खिशात गेले, त्याच शहराच्या या संघात त्याच्यासारख्याला आणखी आठ वर्षे जागा मिळणार नव्हती. १९४९ च्याच संचात फिलीजचा रॉबिन रॉबर्ट्स ४६ व्या क्रमांकावर आणि रिची अॅशबर्न २१४ व्या क्रमांकावर आहे. दोघेही थोर खेळाडू होते. अल्बमच्या पानावर मी त्यांना कॅम्पानेलाच्या शेजारी ठेवले आहे, कारण प्रत्यक्षात फिलीजमध्ये ते कधीच एकत्र आले नाहीत.

१९४९ च्या संचात १४५ पासून पुढची कार्डे कमी सापडतात, त्यामुळे पेज आणि डोबी महाग आहेत. डोबीच्या बाबतीत मी फसलेही. एका प्रदर्शनात मला त्याचे कार्ड वयाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतक्या धारदार कडांचे मिळाले, किंमतही आवाक्यातली होती. घरी आल्यावर त्याच संचातल्या एका सामान्य खेळाडूच्या कार्डावर ते ठेवून पाहिले, तर उंचीला ते केसभर कमी भरले. झिजलेले कोपरे नाहीसे करण्यासाठी कोणीतरी ते कापले होते. जुन्या कार्डाच्या कडेला थोडा मळकट, तंतू सुटल्यासारखा स्पर्श असतो. याची कड पांढरीशुभ्र आणि सपाट होती. नवशिक्यांना माझे कळकळीने सांगणे आहे, की भिंग आणि त्याच संचातले एक खात्रीचे, स्वस्त कार्ड सोबत घेतल्याशिवाय खरेदीला जाऊ नये, आणि घडी पडलेल्या कार्डाला कापलेल्यापेक्षा नेहमी अधिक मान द्यावा.

बोमनची प्रतिस्पर्धी कंपनी टॉप्स हिच्या १९५२ च्या संचाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. टॉप्सच्या साय बर्गरने ब्रुकलिनच्या आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची आखणी केली आणि हंगामाच्या अखेरीस न खपलेली खोकी पुढे समुद्रात बुडवली. त्यातल्या न्यूयॉर्क यांकीजच्या मिकी मँटलच्या कार्डाला २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. मला त्याच्या पुढचे, ३१२ क्रमांकाचे रॉबिन्सनचे कार्ड जास्त मोलाचे वाटते. टॉप्सनेच १९५३ मध्ये पेजचे रंगवलेले सुंदर चित्र छापले, पण त्याच्या नावात एक ‘एल’ जास्त घातला! ज्याला मेजर लीगने वयाच्या ४२ व्या वर्षापर्यंत बाहेर ठेवले, त्याचे नावही नीट छापले गेले नाही, याचे मला वाईट वाटते. प्वेर्तो रिकोच्या रॉबेर्तो क्लेमेंटेलाही टॉप्स १९५७ पासून १९६९ पर्यंत ‘बॉब’च म्हणत राहिले.

जोश गिब्सन तर या अल्बममध्ये येऊच शकत नाही. निग्रो लीगचा, म्हणजे मेजर लीगबाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगचा, हा महान कॅचर जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, ३५ व्या वर्षी वारला. २०२४ साली निग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत धरले गेले, तेव्हा ०.३७२ या कारकिर्दीच्या सरासरीने तो सर्वांच्या वर गेला. ही दुरुस्ती योग्यच होती. परंतु १९४९ साली बबलगमची पुडी फोडणाऱ्या मुलाच्या हाती त्याचा चेहरा कधी पडला नाही.

बोमन १९५५ नंतर टॉप्सच्या ताब्यात गेली, आणि माझा संग्रहही तिथून टॉप्सकडे वळतो. रॉबिन्सनचे शेवटचे कार्ड १९५६ चे आहे. ते आडवे असून पार्श्वभूमीच्या चित्रात तो होम प्लेटकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागेकडे, घसरताना दिसतो. त्यानंतर तो निवृत्त झाला. कॅम्पानेला तीनदा लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू ठरला होता. जानेवारी १९५८ मध्ये त्याची मोटार उलटली आणि तो पुन्हा कधी चालला नाही. टॉप्सने १९५९ साली ५५० क्रमांकावर ‘धैर्याचे प्रतीक’ अशा मथळ्याखाली त्याचे कार्ड काढले. त्यात तो चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे. ते मी या वसंत ऋतूत मिळवले आणि ८४ क्रमांकाच्या समोरच्या पानावर लावले. डोबीच्या जागी अजून ते कापलेलेच कार्ड आहे. पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनाला जाताना मी ते सोबत नेणार आहे, म्हणजे खरे कार्ड हाती आले की फरक लगेच दिसेल.